ओल्या बाजूकडून आलेली

लाँड्रीच्या मधोमध एक भिंत होती. भिंतीच्या एका अंगाला कपडे धुतले जात, दुसऱ्या अंगाला ते इस्त्री होऊन घडीत बसत. इस्पितळांच्या चादरी, वसतिगृहांचे अभ्रे, हॉटेलांचे टॉवेल, सगळं याच वाटेने जाई. धुणाऱ्यांना सगळे ‘ओले’ म्हणत आणि इस्त्रीवाल्यांना ‘कोरडे’. भिंतीला दार नव्हतं. कमरेच्या उंचीवर एक खिडकी होती, लाकडी झडपेची. ओल्यांनी पिळलेल्या कपड्यांचं टोपलं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं आणि ढकलायचं. कोरड्यांनी ते पलीकडून ओढून घ्यायचं. रिकामी टोपली अंगणाला वळसा घालून परत येत. खिडकीतून मागे कधी काही येत नसे, बडवण्याचा आवाज तेवढा येई.

कोरड्यांकडे एक लांबलचक तापलेला रूळ होता. तो फिरत असेपर्यंत त्याला एकामागून एक ओली चादर लागे. रिकामा फिरला की त्याच्यावर गुंडाळलेलं जाड कापड करपे. म्हणून टोपलं यायला उशीर झाला की कोरड्यांपैकी कुणीतरी लाकडी ठोकळा उचलून झडपेवर हाणी. धाड, धाड, धाड. ओल्या बाजूला तो आवाज थेट पाठीच्या कण्यात शिरे.

ओले म्हणत, कोरड्यांची मजा आहे. उबेत उभं राहायचं, गप्पा छाटायच्या आणि वर आमच्यावर बडवायचं. कोरडे म्हणत, ओले गबाळे. गमबुटात बदकासारखे डुलतात, अंगाला सोड्याचा वास, काम निम्मं आणि तोंड दुप्पट. एका बाजूच्या माणसाने दुसऱ्या बाजूचं काम उभं राहून कधी पाहिलेलं नव्हतं. तरी मत मात्र सगळ्यांचं पक्कं होतं.

थोरली ओल्या बाजूची. वयाने सगळ्यांत मोठी म्हणून थोरली. तिच्या जोडीला काम करणारी धाकटी. दोघींचं नातं काही नव्हतं, पण इतकी वर्षं एका हौदावर उभं राहिल्यावर नवी माणसं त्यांना सख्ख्या बहिणीच समजत, आणि त्या दोघी ते खोडून काढायच्या भानगडीत पडत नसत. थोरली लग्नानंतर लगेच कामाला लागली. तिची मुलगी मोठी झाली, सासरी गेली, तरी थोरली हौदावरच होती.

हौदावरचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. यंत्रातून निघालेल्या चादरी सोड्याने जड आणि बुळबुळीत असतात. त्या तीन पाण्यांतून काढाव्या लागतात. पहिल्या पाण्याला फेस जातो, दुसऱ्याला मळकटपणा. तिसऱ्या पाण्याला डोळ्यांना काहीच दिसत नाही, पाणी आधीही स्वच्छ आणि नंतरही स्वच्छ. पण राहिलेला सोडा जातो तो त्याच पाण्याला. दोघींनी दोन टोकं धरायची, चादर पाण्यात सोडायची, कमरेतून उचलायची, पुन्हा सोडायची. हाताने उचलली तर तासाभरात खांदे जातात, कमरेने उचलली तर दिवस निघतो. थोरली हे नव्या बायकांना पहिल्याच दिवशी शिकवी, आणि ज्या ऐकत नसत त्यांना चार दिवस खांदे चोळत बसू देई.

पण सोड्याने शेवटी तिचे हात खाल्ले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यातून रक्त यायला लागलं. तेल झालं, मलम झालं, हातमोजे झाले. हातमोज्यांत पाणी शिरून भेगा आणखी चिघळल्या. डॉक्टरने सांगितलं, पाणी आणि सोडा बंद. मुकादमाने तिचे हात उलटसुलट करून पाहिले. मुकादम म्हणजे दोन्ही बाजूंवर देखरेख ठेवणारा एकच माणूस, दिवसभर अंगणातून इकडून तिकडे फिरणारा.

“उद्यापासून पलीकडे,” तो म्हणाला.

“कोरड्यांत?”

“मग काय घरी बसतेस?”

ओल्या बाजूला बातमी पोचली तेव्हा हशा पिकला. “थोरली आता पावडर लावून यायची.” “आम्हाला ओळख दे हो बाई रस्त्यात.” धाकटी हसली नाही. ती म्हणाली, “त्या शिडीच्या हाताखाली देतील तुला. सांभाळ. तिचं नाक फार वर.”

शिडी म्हणजे रुळावरची बाई. ताडमाड उंच, म्हणून ओल्यांनी तिला हे नाव दिलं होतं. खिडकीतून त्यांना तिचा पदर आणि कोपरं तेवढी दिसत, चेहरा कधी नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली अंगणाला वळसा घालून कोरड्या बाजूला गेली. पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती ही की तिथे बसायला काही नव्हतं. एक स्टूलसुद्धा नाही. ऊब म्हणतात ती ऊब नव्हती, तो भाजणारा झोत होता. पहिल्या तासातच तिचं पोलकं पाठीला चिकटलं. कापडाची बारीक धूळ हवेत तरंगत होती आणि नाकात बसत होती.

घड्या घालणाऱ्या पाच-सहा बायका टेबलाला उभ्या होत्या. त्यांतली सगळ्यांत लहान, गोल चेहऱ्याची, जिला सगळ्या ठमी म्हणत, ती हळूच म्हणाली, “आली ओली.” दुसरीने नाकाला पदर लावला. थोरली सकाळी अंगाला चांगला साबण लावून आली होती. दुपारी डबा खायला बसताना त्यांच्या रांगेत जागा असूनही कुणी सरकलं नाही, तेव्हा तिने डबा उचलला आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसली.

रुळाला दोन बायका लागतात. चादरीचे दोन कोपरे दोघींनी धरायचे, कड अगदी सरळ ताणायची आणि रुळाच्या तोंडाशी एकदम सोडायची. एकीचा हात ढिला पडला की चादर तिरपी जाते आणि चुणी पडते. एकदा पडलेली चुणी रूळ इस्त्री करून पक्की करतो. शिडीची जोडीदारीण काम सोडून गेली होती, तिच्या जागी थोरलीला उभं केलं.

शिडीने पहिल्या दिवशी तिच्याशी एकही फालतू शब्द काढला नाही. “बोटं आत नको. अंगठा वर. ओढू नको, नुसतं ताण.” संध्याकाळपर्यंत थोरलीच्या बोटांची टोकं लाल झाली होती. शिडीने आपले हात पुढे केले. तिची बोटं टोकांना गुळगुळीत, चकचकीत होती, जुन्या चटक्यांनी.

“पहिला महिना होतं,” ती म्हणाली. “मग कातडीला कळतं.”

त्या वेळी थोरलीने तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. नाक वर वगैरे काही नव्हतं. साधं नाक होतं, घामाने भिजलेलं.

घरी नवऱ्याने विचारलं, “मग? कशी आहेत तुमची सरदार मंडळी?”

“राबतात,” ती म्हणाली. “उभ्याने. आगीत.”

“काहीतरीच काय. तूच तर सांगायचीस, बसून खातात.”

“सांगायचे.”

नवरा घरं रंगवणारा. त्याने लगेच गाडी आपल्या धंद्यावर आणली. “आमच्यात तसं नाही बघ. आम्ही रंगवाले घाम गाळतो आणि पॉलिशवाले नुसती चिंधी फिरवतात. पॉलिशवाल्याला काय लागतं? एक चिंधी आणि एक विडी.”

“तुम्ही कधी केलंय पॉलिश?”

“मी कशाला करू? मी रंगवाला.”

थोरली हसली. नवऱ्याला वाटलं, आपल्या विनोदाला हसली.

दिवस गेले. हातांच्या भेगा बुजल्या. थोरलीला ताण कळला, तिरपी जाणारी कड हातातच समजायला लागली. शिडी आणि ती दोघी न बोलता चादर सोडू लागल्या. कोपरे एकदम सुटत. टेबलावरच्या बायकांनी नाकाला पदर लावणं थांबवलं. एके दिवशी ठमी स्वतः सरकून म्हणाली, “बसा की इथे.” थोरली बसली. डबा खाताना ओल्यांवर बोलणं निघालं, नेहमीसारखं. टोपली उशिरा येतात, आज तर अर्धा तास रूळ उपाशी, हे लोक काय झोपतात की काय. आणि थोरली म्हणाली, “त्यांना घाई म्हणून माहीतच नाही.”

म्हणून झाल्यावर तिचा घास हातातच राहिला. ‘त्यांना.’ हे तिच्याच तोंडून आलं होतं. कुणी चिमटा काढला नव्हता, कुणी शिकवलं नव्हतं. बाकीच्या हसल्या आणि तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. पायरीवर एकटीने खाल्लेले सगळे डबे त्या एका वाक्याने भरून निघाले.

त्याच आठवड्यात तिने पहिल्यांदा झडप बडवली. रूळ रिकामा फिरत होता, करपल्याचा वास यायला लागला होता, शिडी म्हणाली, “बडव गं.” ठोकळा हाताशीच होता. थोरलीने हाणला. धाड, धाड, धाड.

पलीकडून आवाज आला. “घ्या! बडवताय ना? घ्या मग तसंच.”

आवाज धाकटीचा होता. आणि लगेच टोपलं आलं. फार लगेच.

‘घ्या तसंच’ याचा अर्थ कोरड्यांतल्या कुणालाही माहीत नव्हता. तिला माहीत होता. कोरड्यांनी बडवलं की ओले तिसरं पाणी बुडवत. दुसऱ्या पाण्यातून चादर थेट पिळायला. दिसायला फरक नाही. बडवणाऱ्यांची जिरते आणि आपली कंबर वाचते. ओल्या बाजूची ती जुनी खोड होती, सगळ्यांना ठाऊक, कुणी बाहेर न बोलायची. थोरलीच्या वेळी ते अधूनमधून होई, ती स्वतःही धाकटीबरोबर हसली होती. त्या चादरीचं पुढे काय होतं हे ओल्या बाजूला कुणाला दिसत नसे.

आता ते तिच्या हातात होतं. चादर रुळातून बाहेर आली तेव्हा तिच्यावर पिवळसर झाक होती. राहिलेला सोडा आणि तापलेला रूळ, दोन्ही मिळून ती झाक येते. नुसत्या हौदावर ती येत नाही आणि नुसत्या रुळावरही येत नाही.

“रूळ जास्त तापलाय,” शिडी म्हणाली आणि आच कमी केली. पुढची चादरही पिवळी आली.

ओल्या बाजूला थोरलीच्या जागी कुणाला दिलंच नव्हतं. एक माणूस कमी, म्हणून टोपली उशिरा. टोपली उशिरा, म्हणून बडवणं जास्त. बडवणं जास्त, म्हणून तिसरं पाणी रोजच बुडायला लागलं. थोरलीला हे सगळं रुळाशी उभ्या-उभ्या दिसत होतं. पण ती गप्प राहिली. सांगायचं तर कुणाला? शिडीला सांगितलं तर दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या कोरड्यांना कळेल, संध्याकाळपर्यंत मुकादमाला. मग धाकटीची काही धडगत नाही. जिच्या समोर उभं राहून इतकी वर्षं चादरीचं दुसरं टोक धरलं, तिची चुगली करायची?

मग इस्पितळातून चादरी परत आल्या. गठ्ठेच्या गठ्ठे. मुकादमाने एक चादर उलगडून रुळासमोर धरली.

“हे काय आहे?”

त्याने चादर उजेडाकडे फिरवली.

“इस्पितळवाले म्हणतात, असली पिवळी चादर बघून पेशंट आणखी आजारी पडेल. रूळ कोणाचा?”

“माझा,” शिडी म्हणाली.

“जाळतेस कापड. आच किती ठेवतेस?”

“आच नेहमीची आहे. कमीसुद्धा करून बघितली.”

टेबलावरून ठमी बोलली. “साहेब, ताईच्या हाताने आजवर एक चादर नाही जळली. हे सगळं ही ओली आल्यापासून आहे. हिचा हात ढिला पडतो, चादर अडकते, मग डाग पडणारच.”

कालपर्यंत ‘बसा की इथे’ म्हणणारी तीच. थोरलीकडे सगळ्यांचे डोळे वळले. रुळाशी नवी असलेली तीच एक होती, आणि बोट दाखवायला नवं माणूस सगळ्यांत सोयीचं असतं. शिडीने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. तिचा रूळ वाचला असता.

“चादर दोघी धरतो,” शिडी म्हणाली. “हिच्या हाताला दोष नाही.”

मुकादमाने चादर टेबलावर टाकली. “मग दोष तुझा. उद्या इस्पितळाचा माल पुन्हा लावायचाय. त्यात एक जरी पिवळी निघाली तर परवापासून तू मागच्या खोलीत.”

मागच्या खोलीत मळके कपडे निवडत. इस्पितळाचे, रक्ताचे, घाणीचे. तिथे नव्याने लागलेल्यांना बसवत, नाहीतर ज्यांना घालवायचं असे त्यांना. शिडीने रूळ तरुणपणापासून चालवला होता. तिने फक्त पदराने रुळाची कड पुसली, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी थोरली फाटकाशी थांबली. ओल्या बायका गमबूट काढून घरच्या चपला घालून बाहेर पडत होत्या. धाकटी दिसली तशी थोरली पुढे झाली.

“काय गं, कशी आहेस?”

“आम्ही कशा असणार? ओल्या,” धाकटी म्हणाली. “त्या दिवशी बडवणारी तू होतीस. मला हात ओळखू येतो.”

“होते.”

“शिकलीस लवकर.”

“ऐक. उद्या इस्पितळाच्या चादरी आहेत. तिसरं पाणी बुडवू नका.”

धाकटीने आजूबाजूला पाहिलं. “हळू बोल. कुणाला सांगितलंस?”

“कुणाला नाही. पण डाग पडतोय त्याने. माझ्या डोळ्यांसमोर पडतो. ती रुळावरची बाई जाणार आहे मागच्या खोलीत.”

“शिडी? जाऊ दे की. आमच्या डोक्यावर बडवताना तिला आमची कीव आली होती?”

“ती बडवते ते रूळ करपतो म्हणून. तिथे उभी राहून बघ एकदा.”

“आणि तू इथे उभी राहून विसरलीस?” धाकटीचा आवाज चढला. “तू गेलीस, तुझ्या जागी कुणी नाही. तुझी टोकं मी धरते आणि माझीही मीच. तीन पाणी काढू? कुठल्या कमरेने?”

ते खरं होतं, हे थोरलीला माहीत होतं.

“हे मुकादमाला सांग,” ती म्हणाली.

“मुकादमाला सांगायचं म्हणजे तिसरं पाणी बुडवतो तेही सांगायचं. म्हणजे आम्ही गेलो.” धाकटी चालायला लागली आणि वळून म्हणाली, “तू कोणाची आहेस ते एकदा ठरव बाई. दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहता येत नाही.”

घरी त्या रात्री नवऱ्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिने सांगितलं.

“मग सांगून टाक मुकादमाला,” तो म्हणाला. “शिडीने तुला वाचवलं.”

“आणि धाकटी?”

“मी असतो तर माझ्या रंगवाल्यांना कधी उघडं पाडलं नसतं. चूक असली तरी.”

“आणि समोर पॉलिशवाला असता तर?”

“तर मुळीच नाही,” तो म्हणाला, आणि मग जरा ओशाळून डोकं खाजवलं.

सकाळी रूळ तापला. पहिलं टोपलं आलं, ते बरं होतं. दुसरं बरं होतं. मग उशीर व्हायला लागला. रूळ रिकामा फिरला. ठमीने ठोकळा उचलून बडवलं, आणि टोपलं खिडकीवर आदळलं. फार लगेच.

थोरलीने वरची चादर उचलायच्या आधी तिचा एक कोपरा दोन बोटांत चुरला. कापड पिळलेलं असलं तरी बोटांना बुळबुळ लागली. तिने कोपरा जिभेच्या टोकाला लावला. खारट, जीभ ओढणारी चव. शंका उरली नाही.

तिने टोपलं उचललं. भरलेलं टोपलं एकटीने उचलायचं नसतं, ते कमरेला लावून वळावं लागतं. तसं ती वळली, ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि परत पलीकडे ढकललं.

खिडकीतून मागे कधी काही गेलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी एकदम गलका उठला.

“हे काय? कोणी ढकललं?” पलीकडून धाकटी.

“अहो, रूळ जळतोय!” अलीकडून ठमी. “ओली ती ओलीच शेवटी. आपल्या लोकांना आराम देतेय.”

“एक पाणी कमी आहे,” थोरली खिडकीत वाकून म्हणाली. “काढून द्या.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे.”

धाकटीने पलीकडून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दोघी कधी अशा समोरासमोर, मध्ये भिंत ठेवून उभ्या नव्हत्या. “कोरडी झालीस गं पुरती,” धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी होता. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा लागलं.

मागे करपल्याचा वास सुटला. आता टोपलं नाही आणि रूळ फिरतोय. थोरलीने मान वळवून शिडीकडे पाहिलं. ती काय म्हणणार हे तिला माहीत नव्हतं. शिडी म्हणाली असती ‘बडव’, तर पुढे काही करता आलं नसतं.

शिडीने हात वर केला, रूळ आणि आच बंद करायचा दांडा धरला आणि खाली ओढला. रूळ मंदावला आणि थांबला. कामाच्या वेळात तो कधी थांबत नसे. एकदा निवला की पुन्हा तापायला तास जातो.

“पाणी काढून येऊ दे,” शिडी म्हणाली. “थांबू.”

रुळाचा आवाज बंद झाला तशी भिंतीपलीकडचे आवाज ऐकू यायला लागले. नळाचं पाणी, गमबुटांची चपचप, कुणाच्या तरी धापा. घड्या घालणाऱ्या बायका ऐकत उभ्या राहिल्या. एकटी बाई चादर दोन्ही टोकांनी उचलते तेव्हा पाण्याचा आवाज वेगळा येतो. तुटक येतो. ठमीने हातातला ठोकळा खाली ठेवला.

मुकादम धावत आला. रूळ थांबलेला पाहून तो आधी लाल झाला आणि मग ओरडला. थोरलीने त्याला पूर्ण ओरडू दिलं.

“चादरींत सोडा राहतोय,” ती म्हणाली. “म्हणून पिवळ्या होतात. रुळाचा दोष नाही.”

“का राहतोय?”

इथे सगळी लाँड्री कान देऊन होती. खिडकीची झडप उघडी होती.

“हौदावर माणूस कमी आहे,” थोरली म्हणाली. “मी इकडे आले, माझ्या जागी तुम्ही कुणी दिलं नाही. दोघींचं काम एकीला होत नाही. कुणालाच होणार नाही.”

हे खरं होतं. पूर्ण नव्हतं. बडवल्यावर जिरवायची खोड आणि हसणं, ते तिने स्वतःजवळ ठेवलं. मुकादम काही बावळट नव्हता. पण माणूस दिला नव्हता तो त्याने, त्यामुळे त्यानेही फार खोलात जायचं टाळलं.

त्या दिवशी माल उशिरा गेला. चादरी पांढऱ्या गेल्या. शिडी रुळावर राहिली.

मुकादमाने हौदावर एक माणूस वाढवलं, कोरड्यांतून ठमीला धाडलं. ती रडतच अंगणातून गेली. पहिले दोन दिवस तिने नाकाला रुमाल बांधला. मग रुमाल गेला. पंधरवड्याने ती फाटकाशी भेटली तेव्हा खांदे चोळत म्हणाली, “तुमचे ते टेबलावरचे लोक काय बडवतात हो! माणूस आहे का कोण आहे पलीकडे, काही विचार?” थोरली म्हणाली, “कमरेने उचल गं, खांद्याने नको.” ठमीने ते ऐकलं की नाही कळलं नाही.

बडवणं पूर्ण थांबलं असं कुणी सांगितलं तर खरं मानू नये. कमी झालं. कोरड्यांच्या टेबलावर अजूनही ओल्यांवर विनोद होतात, थोरली तेव्हा डब्यात बघते. काही दिवस तिला पुन्हा पायरीवर बसावं लागलं, कारण रूळ बंद पाडणारी बाई म्हणून नाव झालं होतं. मग शिडी आपला डबा घेऊन पायरीवर आली. तिचे लांब पाय पायरीवर मावेनात, ती वाकडीतिकडी होऊन बसली. फारसं बोलणं नव्हतं. दोघी दमलेल्या असत.

धाकटी फाटकाशी थांबत नाही. थोरलीने दोन-तीनदा हाक मारली, मग मारणं सोडलं. पण खिडकीवर टोपलं ठेवताना धाकटी आता एक वाक्य बोलते. “तिसरं झालं.” थोरली म्हणते, “बरं.” दिवसात दोघींचं बोलणं होतं ते एवढंच.

कधी धाकटी काहीच न बोलता टोपलं ढकलते. तेव्हा थोरली चादरीचा कोपरा बोटांत चुरून बघते. धाकटीला ते पलीकडून दिसतं. दिसू दे.